तृणमणीतील तृण : जीवाश्मांच्या ओळखीच्या निकषांची चिकित्सा

गोषवारा : ब्रह्मदेशातील अंबरात गवताचे कणिशक आणि त्यावरील अरगट बुरशी सापडल्याचे दावे २००४ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झाले. गवताच्या प्राचीनत्वाचा दुसरा महत्त्वाचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील विष्ठाश्मांतून २००५ व २०११ मध्ये पुढे आला. प्रस्तुत लेखात या दोन्ही पुराव्यांची एकाच निकषावर तपासणी केली आहे. जीवाश्माला दिलेले नाव त्यात टिकून राहिलेल्या लक्षणांच्या पलीकडे जाऊ नये, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अंबर, तृणमणी, गवतकुल, अरगट, विष्ठाश्म, सिलिकाकण, पिसदुरा.

१. प्रास्ताविक

वृक्षाच्या खोडातून पाझरलेली राळ लक्षावधी वर्षे भूस्तरात राहून कठीण झाली म्हणजे तिचे अंबर होते. मराठीत ‘अंबर’ हा शब्द देवमाशापासून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्यासाठीही वापरला जातो. संस्कृत परंपरेतील ‘तृणमणी’ हा शब्द मात्र निःसंदिग्ध आहे. घासला असता गवताची काडी आपल्याकडे ओढून घेणारा मणी, असा त्याचा अर्थ. राळेत अडकलेले कीटक, फुले, पाने व बुरशीचे तंतू यांचे बाह्यरूप इतके स्पष्ट राहते की पाहणाऱ्याला ते कालचेच वाटावेत. ही स्पष्टता हेच अंबराचे वैभव आहे, आणि ओळखीतील चुकांचे मूळही बऱ्याच अंशी तिच्यातच आहे. दिसणे स्पष्ट असले म्हणजे ओळख पक्की झाली, असा समज त्यामुळे सहज होतो.

हा विषय केवळ पुराजीवशास्त्रज्ञांपुरता नाही. ऊस, ज्वारी, बाजरी, भात, गहू ही सर्व पिके एकाच गवतकुलातील आहेत. हे कुल पृथ्वीवर केव्हा अवतरले, त्याच्या शाखा केव्हा अलग झाल्या आणि त्यावर जगणाऱ्या बुरशी केव्हापासून त्याच्या सोबत आहेत, या प्रश्नांची उत्तरे मोजक्या जीवाश्मांच्या ओळखीवर अवलंबून आहेत. ज्या भागाचे अर्थकारण आणि सहकार उसावर उभा आहे, त्या भवानीनगर, बारामती व इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. वर्गात ‘गवत दहा कोटी वर्षांपूर्वीचे आहे’ असे वाक्य सांगताना त्यामागचा पुरावा कोणत्या प्रतीचा आहे, हे अध्यापकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

२. ब्रह्मदेशी अंबरातील गवत व अरगट

ब्रह्मदेशाच्या काचिन प्रांतातील हुकाँग खोऱ्यात अंबराच्या खाणी आहेत. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाचे जॉर्ज पॉइनर यांनी २००४ मध्ये तेथील अंबरातून ‘प्रोग्रॅमिनिस’ ही नवी प्रजाती वर्णिली. त्यातील ‘प्रोग्रॅमिनिस बर्मायटिस’ या जातीचे वर्णन कणिशकासारख्या अवशेषावर, तर ‘प्रोग्रॅमिनिस लॅमिनेटस’ या जातीचे वर्णन पानाच्या अवशेषावर आधारलेले आहे. हे गवताचे अतिप्राचीन प्रतिनिधी होत, असा दावा त्यातून पुढे आला. २०१५ मध्ये पॉइनर, अरगटाचे अभ्यासक स्टीफन ऑल्डरमन आणि यॉर्ग वुंडरलिश यांनी याच प्रदेशातील अंबरात कणिशकाच्या टोकाशी असलेला एक काळसर पिंड अरगट बुरशीचा म्हणून वर्णिला व त्याला ‘पॅलिओक्लेव्हिसेप्स पॅरासायटिकस’ असे नाव दिले. अरगटात मनावर परिणाम करणारी अल्कलॉइडे असतात. म्हणून लेखाच्या शीर्षकातच क्रेटेशस काळात अशी द्रव्ये असावीत काय, असा प्रश्न विचारला होता. वृत्तपत्रांनी यातील प्रश्नचिन्ह गाळले, आणि डायनोसॉरांनी मादक गवत खाल्ले असावे अशा बातम्या जगभर पसरल्या.

या दाव्यांची चिकित्सा तीन पातळ्यांवर करावी लागते.

पहिली पातळी यजमान वनस्पतीच्या ओळखीची. कणिशक, तुष आणि समांतर शिरांचे अरुंद पान ही लक्षणे गवतात आढळतात, परंतु ती केवळ गवतातच आढळतात असे नाही. भवानीनगरच्या कोणत्याही उसाच्या फडात हरळी आणि लव्हाळा ही दोन तणे शेजारी शेजारी वाढलेली दिसतात. शेतकरी दोहोंना गवतच म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हरळी गवतकुलातील, तर लव्हाळा वेगळ्याच कुलातील आहे, आणि लव्हाळ्यालाही कणिशकेच येतात. जिवंत लव्हाळ्याचे खोड बोटांत फिरवून त्याचे तीन कोन तपासता येतात, पानाचा आवरक कापून पाहता येतो. अंबरातील एकाच तुकड्याबाबत ही सोय नसते. गवताचे निर्णायक लक्षण असलेले विशिष्ट फळ, तसेच बाह्यत्वचेतील लांब व आखूड पेशींची मांडणी, ही दाखवता आल्याशिवाय कणिशकसदृश अवशेषाला गवत म्हणणे घाईचे ठरते. प्रोग्रॅमिनिसविषयी अभ्यासकांनी घेतलेल्या आक्षेपांचा आशय हाच आहे.

येथे २०११ मधील एका प्रकाशनाकडे लक्ष वेधले पाहिजे. त्या वर्षी पॉइनर यांनी ‘प्रोग्रॅमिनिस लॅमिनेटस’मध्ये सिलिकाकण आढळल्याचे प्रसिद्ध केले. बाह्यरूपाकडून सूक्ष्मरचनेकडे वळलेला हा पुरावा योग्य दिशेचा होता. पण त्या लेखाच्या शीर्षकात वनस्पतीचे वर्गीकरण ‘पोएलीस’ या गणापर्यंतच दिलेले आहे. या गणात गवतकुलाबरोबर लव्हाळ्याचे कुल आहे, तसेच अननसाचेही आहे. म्हणजे मूळ लेखकानेच शीर्षकातील ओळख कुलापर्यंत न नेता गणापर्यंतच ठेवली. शास्त्रीय दृष्टीने हा संयम प्रशंसनीय आहे. परंतु पाठ्यपुस्तकांत व लोकप्रिय लेखनात मात्र ‘सर्वांत जुने गवत’ हीच ओळख पुढे चालू राहते.

दुसरी पातळी बुरशीच्या ओळखीची. बाजरीवरील अरगट ओळखताना कृषी अधिकारी क्रमाने पाहतात : फुलोऱ्यातून पाझरणारा मधासारखा चिकट स्राव, त्या स्रावातील बीजाणू, नंतर दाण्याच्या जागी तयार होणारा कठीण काळसर पिंड आणि पुढे त्या पिंडातून उगवणारी बुरशीची फळे. ही संपूर्ण साखळी हे अरगटाचे निदान होय. अंबरात तिचा एखादाच टप्पा गोठलेला असतो. काळसर, लांबट पिंड एवढ्याच लक्षणावर काणीची बुरशी, अन्य परजीवी बुरशी अथवा कीटकजन्य गाठ हे पर्याय पूर्णतः बाद होत नाहीत. जिवंत पिकातही बाह्यरूप फसवे ठरते. उसातील ‘गवताळ वाढ’ हा रोग प्रारंभी विषाणूजन्य मानला गेला होता. तो फायटोप्लाझ्मामुळे होतो हे नंतर स्पष्ट झाले. ज्या पिकाचा रोगट भाग वारंवार प्रयोगशाळेत नेता येतो, त्याबाबत असे घडले असेल, तर एकाच नमुन्यावर आधारलेल्या जीवाश्माबाबत अधिक सावधगिरी हवी.

तिसरी पातळी युक्तिवादाच्या रचनेची. अरगट गवतावर येते, म्हणून यजमान गवत असला पाहिजे. आणि यजमान गवत आहे, म्हणून पिंड अरगटाचा असला पाहिजे, असे दोन संशयित दुवे एकमेकांच्या आधारे पक्के केले जाण्याचा धोका येथे आहे. हा चक्रक दोष होय. शिवाय पहिले विधानच अपुरे आहे. आजच्या क्लेव्हिसेप्स प्रजातीतील काही जाती लव्हाळ्याच्या कुलावरही येतात. त्यामुळे पिंड खरोखरच अरगटाचा असला, तरी यजमान गवत होता हे त्यातून सिद्ध होत नाही. अल्कलॉइडांचा मुद्दा तर आणखी दूरचा आहे. त्या नमुन्यात अशी द्रव्ये मोजलेली नाहीत. ती आजच्या अरगटावरून केलेली कल्पना आहे. २०१८ मधील एका रेणवीय अभ्यासाने क्लेव्हिसेप्स प्रजातीचा उगम पॅलिओसीन काळात, म्हणजे ब्रह्मदेशी अंबराच्या पुष्कळ नंतर ठेवला. पॅलिओक्लेव्हिसेप्स हा आधुनिक प्रजातीचा दूरचा पूर्वज मानला, तर दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात. पण मग त्याला आजच्या अरगटाचे गुणधर्म चिकटवता येत नाहीत.

कालनिश्चितीचाही विचार आवश्यक आहे. २०१२ मध्ये शी व सहकाऱ्यांनी अंबरधारी खडकातील झिरकॉन स्फटिकांवरून सुमारे ९.८८ कोटी वर्षे हे वय निश्चित केले. त्यामुळे हा थर क्रेटेशसच्या पूर्वार्धातील न ठरता उत्तरार्धाच्या प्रारंभीचा ठरतो. फरक लहान दिसला, तरी ‘सर्वांत जुने’ हे विशेषण अशाच फरकांवर उभे असते.

३. अंबराच्या इतिहासातील दोन धडे

असे वाद नवे नाहीत. १९९३ मध्ये जर्मनीतील श्लिअरझे येथील अंबरातून बुरशी, शैवाल व मृदुकाय आदिजीव सापडल्याचे पॉइनर, वॅगनर व बावर यांनी प्रसिद्ध केले आणि ते ट्रायासिक काळातील, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुने मानले गेले. २००१ मध्ये श्मिट व सहकाऱ्यांनी ते अंबर क्रेटेशस काळातील असल्याचे दाखविले. २०११ मध्ये झिरार व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील अंबराच्या अभ्यासातून आदिजीवांसारखे दिसणारे अनेक आकार हे जीव नसून राळेतच तयार झालेल्या संरचना असू शकतात हे पुढे आणले. वय आणि जीवत्व या दोन्ही बाबतींत पहिली ओळख डळमळीत झाली.

दुसरे उदाहरण दुरुस्तीची योग्य रीत दाखविते. बाल्टिक अंबरातील सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचे फूल हे अंबरातील ज्ञात फुलांत सर्वांत मोठे. १८७२ मध्ये कास्पारी यांनी त्याला ‘स्ट्युअर्टिया कोवालेव्स्कीआय’ असे नाव दिले, आणि ही ओळख दीडशे वर्षे टिकली. २०२३ मध्ये साडोव्स्की व हॉफमान यांनी त्याच फुलातील परागकण काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ते चहाच्या कुलातील स्ट्युअर्टियाचे नसून सिम्प्लोकॉस प्रजातीचे असल्याचे आढळले. लोध्र ही आयुर्वेदातील परिचित वनस्पती याच प्रजातीतील आहे. ही दुरुस्ती शक्य झाली, कारण मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात जतन केलेला होता आणि पुन्हा तपासता आला.

ब्रह्मदेशी अंबराबाबत नेमकी हीच अडचण आहे. त्यातील बराच माल बाजारातून खाजगी संग्रहांत जातो. २०१७ मध्ये काचिनमधील खाणींचा प्रदेश तेथील सैन्याच्या ताब्यात गेला. खाणींच्या उत्पन्नाचा संघर्षाशी असलेला संबंध लक्षात घेऊन २०२० मध्ये पृष्ठवंशीय पुराजीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा नमुन्यांवरील लेखनाला आवर घालण्याचे आवाहन नियतकालिकांना केले. हा प्रश्न नैतिक आहे, तसाच तो पुराव्याचाही आहे. नमुना कोणत्या थरातून आला हे ठाऊक नसेल आणि तो दुसऱ्याला पुन्हा पाहता येत नसेल, तर त्याच्या ओळखीवरील वाद मिटण्याचा मार्गच बंद होतो.

४. पिसदुऱ्याचे विष्ठाश्म

पश्चिम महाराष्ट्र ज्या बेसाल्टवर उभा आहे, त्या लाव्ह्याच्या खाली पूर्व विदर्भात लॅमेटा नावाचे गाळाचे थर आहेत. या थरांत अंबर नाही. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा येथे त्यातून जीवाश्मरूप विष्ठा, म्हणजे विष्ठाश्म, मोठ्या संख्येने मिळतात. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी या विष्ठाश्मांतून गवताचे सिलिकाकण वेगळे केले. आजच्या गवताच्या उपशाखांतील किमान पाच प्रकार क्रेटेशसच्या अखेरीस भारतीय उपखंडात होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०११ मध्ये प्रसाद व सहकाऱ्यांनी याच सामग्रीतून भाताच्या गणगोतातील गवताचा पुरावा दिला आणि ‘चांगिआय इंडिकम’ व ‘मॅटलेयायटिस इंडिकम’ ही नावे ठेवली.

वरवर पाहता हा पुरावा अंबरापेक्षा कितीतरी ओबडधोबड आहे. शेणाच्या गोळ्यातील, डोळ्यांना न दिसणारे कण कोठे आणि अंबरातील देखणे कणिशक कोठे? निदानाच्या कसोटीवर मात्र क्रम उलटा लागतो. गवताच्या आखूड पेशींत साठणाऱ्या सिलिकेचे आकार उपकुलानुसार ठरावीक असतात. भाताच्या पानांतील द्विदल आकाराचे कण उसाच्या किंवा बांबूच्या कणांहून वेगळे ओळखता येतात. २०११ च्या अभ्यासात हे कण सुटे नव्हते; बाह्यत्वचेच्या तुकड्यात ते शेजारच्या पेशींसह आपापल्या जागी होते. पिसदुऱ्याचे विष्ठाश्म प्रामुख्याने जमिनीच्या पृष्ठभागावर विखुरलेले मिळतात. त्यामुळे आजच्या मातीतील सिलिकाकण त्यांत मिसळले नसतील काय, ही शंका रास्त आहे. सुट्या कणांबाबत ती शंका पूर्ण मिटवणे कठीण. परस्परांना जोडलेल्या पेशींच्या तुकड्याबाबत ती बरीच क्षीण होते.

तरीही हा पुरावा आपल्या भूमीतील आहे म्हणून त्याला सवलत देणे योग्य होणार नाही. त्यावरही तीन प्रश्न उभे राहतात.

(अ) भाताच्या गणगोतापर्यंत ओळख नेणे हे गवतकुलापर्यंत नेण्यापेक्षा बरेच धाडसाचे आहे. सिलिकाकणांचे आकार वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे सारखे होऊ शकतात. म्हणून ‘गवत होते’ हे विधान जितके भक्कम आहे, तितके ‘भाताचे गणगोत होते’ हे विधान नाही.

(आ) विष्ठा कोणाची, हीसुद्धा एक ओळखच आहे. २००५ च्या मूळ लेखात टायटॅनोसॉर हे ‘संभाव्य’ विष्ठाकर्ते म्हटले आहेत. त्याच वर्षी शर्मा व सहकाऱ्यांनी याच थरातील बुरशींवर प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकात मात्र थेट ‘आयसिसॉरस’ हे नाव येते. त्याच थरात हाडे सापडणे हा सान्निध्याचा पुरावा आहे, निदानाचा नाही.

(इ) पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतील बुरशींना कार, शर्मा व कार यांनी २००४ मध्ये कोलेटोट्रायकम, एरिसायफी अशा आजच्या प्रजातींची नावे दिली, आणि त्यावरून प्राणी रोगट पाने खात असावा असे अनुमान काढले. उसाची लाल कूज कोलेटोट्रायकम प्रजातीतील बुरशीमुळेच होते. या प्रजातीच्या आजच्या अभ्यासात बीजाणूंचा आकार, बीजाणुपुंजातील ताठ केस, यजमानात शिरणारे अवयव आणि डीएनए अशी अनेक लक्षणे एकत्र घ्यावी लागतात. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या बीजाणूला केवळ आकारसाम्यावरून आधुनिक प्रजातीचे नाव देणे, ही ब्रह्मदेशी अरगटाबाबत दाखविलेलीच उणीव आहे. तेथे आक्षेप घ्यावयाचा आणि येथे मौन पाळावयाचे, हे चिकित्सेला शोभणारे नाही.

५. ओळखीचे फलित

ओळखीतील फरकाचा परिणाम किती मोठा असतो, हे २०१४ मधील क्रिस्तँ व सहकाऱ्यांच्या रेणवीय कालगणनेवरून कळते. गवतकुलाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत भात, गहू व बांबू, तर दुसरीत ऊस, ज्वारी, बाजरी व मका येतात. या शाखा केव्हा अलग झाल्या? सिलिकाकणांचा पुरावा वगळला तर उत्तर सुमारे ५.१ ते ५.५ कोटी वर्षे येते. तो धरला तर सुमारे ७.४ ते ८.२ कोटी वर्षे. पहिले उत्तर खरे असेल, तर डायनोसॉर संपल्यानंतर भात आणि ऊस यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दुसरे खरे असेल, तर ती फारकत डायनोसॉरांच्या डोळ्यांदेखत झाली आणि या शाखा भारतीय भूखंडाच्या प्रवासाच्या साक्षीदार ठरल्या. सुमारे दोन ते तीन कोटी वर्षांचा हा फरक काही सूक्ष्म कणांच्या नावावर अवलंबून आहे. २०१८ मध्ये चीनमधील एका डायनोसॉरच्या दातांवर पूर्व-क्रेटेशस काळातील गवताची बाह्यत्वचा व सिलिकाकण आढळल्याचे वू व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केल्यावर जुन्या कालगणनेचे पारडे काहीसे जड झाले आहे. हा नवा पुरावाही बाह्यरूपाचा नसून पेशीरचनेचा आहे, हे विशेष.

६. समारोप

वरील विवेचनावरून जीवाश्म-ओळखीत साम्य, निदान आणि फलित हे तीन टप्पे वेगळे ठेवणे आवश्यक आहे असे दिसते. ब्रह्मदेशी अंबरातील कणिशक व अरगट हे आज साम्याच्या टप्प्यावर आहेत. त्यांना गवतासारखी वनस्पती आणि अरगटासारखा पिंड म्हणता येईल. पिसदुऱ्याचे गवत निदानाच्या टप्प्यावर पोचले आहे, मात्र तेथील बुरशी साम्यापुढे गेलेल्या नाहीत. डायनोसॉरांच्या मादक आहाराची कथा हे फलित आहे आणि त्याला खालच्या दोन पायऱ्यांचा आधार मिळालेला नाही.

यातून अध्यापनाच्या दृष्टीने पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

१. जीवाश्माचे नाव सांगताना ते कोणत्या लक्षणांवर दिले आहे हे विद्यार्थ्यांना त्याच वेळी सांगावे.

२. ओळख कुलापर्यंत, गणापर्यंत की प्रजातीपर्यंत आहे याचा उल्लेख टाळू नये. मूळ लेखकाने ओळख मागे घेतली असेल, तर पाठ्यपुस्तकानेही ती मागे घ्यावी.

३. ज्या नमुन्याची पुन्हा तपासणी शक्य नाही, त्यावर ‘सर्वांत जुने’ असे विशेषण उभारू नये.

४. परदेशी व स्वदेशी पुराव्यांना एकच कसोटी लावावी. पिसदुऱ्याचा पुरावा या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतो. म्हणूनच त्यातील उणिवा सांगितल्याने त्याचे मोल घटत नाही.

तृणमणी काडी ओढून घेतो, पण ती काडी हरळीची की लव्हाळ्याची हे तो सांगत नाही. तो निर्णय अभ्यासकालाच, प्रत्येक लक्षण तपासून, करावा लागतो.